नाव न चुकणारे डीजे तात्या

गाणं लावण्याआधी बापाचं नाव विचारणारा डीजे साऱ्या तालुक्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी आणि त्या टोपीवर चढवलेले लालभडक हेडफोन. टोपी काढून हेडफोन लावा, असं आम्ही त्यांना एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की जणू आम्ही टोपी नव्हे, पायजमाच काढायला सांगितला असावा. "भरल्या मंडपात बोडक्यानं उभा राहू व्हय रं?" एवढंच म्हणाले आणि वायरी सोडायला लागले.

आमचं कॉलेज नारायणगावच्या अलीकडे, हायवेवरून आत. चहूबाजूंनी द्राक्षबागा आणि मधोमध इंजिनिअरिंग. मी तिसऱ्या वर्षाला सांस्कृतिक सचिव झालो. पद भलतंच भारदस्त. काम म्हणजे खुर्च्या लावून घेणं आणि प्राचार्यांच्या दारात ताटकळणं. त्या वर्षी ट्रॅडिशनल डेला पुण्याहून डीजे आणायचा, असं आमच्या कमिटीनं ठरवलं आणि ठरल्याबरोबर पोस्टरवर 'डीजे नाइट' असं छापूनही टाकलं. प्राचार्यांनी पोस्टर चष्मा लावून वाचलं आणि खाली स्वतःच्या सुवाच्य अक्षरात वेळ लिहून दिली: दुपारी दोन ते साडेपाच. मार्च महिन्यातल्या भर उन्हात 'नाइट' करणारं आमचं बहुधा पहिलंच कॉलेज. पुण्याच्या डीजेनं वेळ ऐकली आणि पुन्हा आमचा फोन काही उचलला नाही. मग उपप्राचार्य म्हणाले, "एवढं काय तोंड पाडून बसलात? आपले तात्या आहेत की."

तात्या मुळात डीजे नव्हतेच. ते घाटात पुकारायचे. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हटलं की बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ, हे कुणाला सांगावं लागत नाही. एकेक गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात, आणि प्रत्येक बारीआधी माईकवर एक माणूस गाडामालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव असं सगळं खणखणीत आवाजात सांगतो. गाडा सुटला की "झाली... भिर्रर्रर्र!" आणि किती सेकंदांत घाट सर झाला त्याची घोषणा. मधल्या काळात शर्यतींवर कोर्टाची बंदी आली. बैल गोठ्यात बसले आणि तात्या घरात. महिनाभर ते म्हणे घरच्यांनाच पुकारत होते. शेवटी घरच्यांनीच हात जोडले आणि तात्यांनी दोन मोठे स्पीकर, एक मिक्सर आणि एक जुना टेम्पो घेतला. टेम्पोच्या मागे रंगवून घेतलं, 'आवाज ऐकून तर बघा'. न ऐकण्याची सोय नव्हतीच, दोन गावांपलीकडेही तो ऐकू यायचा.

आठ दिवस आधी त्यांनी आमच्याकडे यादी मागितली. आम्हाला वाटलं, गाण्यांची. सोनलनं ती कौतुकानं टाइप करून आणली होती. सोनल आमच्या कमिटीतली, नारायणगावच्या भुसार व्यापाऱ्यांची मुलगी, हिशोबाला आणि तोंडाला दोन्हीला पक्की. तात्यांनी कागद लांब धरून वाचला. "हे रॉकर्स कुठल्या गावचं?"

"तात्या, ते ग्रुपचं नाव आहे."

"ते झालं. पर मालक कोन?"

"मालक नसतो हो! सेकंड इयर मेकॅनिकलची पोरं आहेत."

"पोरांना बाप आसत्याल का न्हाई?" तात्यांनी कागद परत दिला. "समद्यांची नावं आना. सोताचं, बापाचं, गाव. उगा बेवारस गाडा मी सोडत न्हाई."

आम्ही पोट धरधरून हसलो. सोनल मात्र वही घेऊन बसली आणि चौऱ्याऐंशी पोरापोरींची नावं बापांसकट उतरवून काढली. ते करताना कळलं, की आमच्या कॉलेजातला 'डीजे विकी' कुरणात मेंढरं राखणाऱ्या घरातला होता आणि 'मिस फ्रेशर' झालेली मुलगी भीमाशंकरच्या अंगाच्या एका वाडीतून दोन एसट्या बदलून यायची. तीन वर्षं एका बाकावर बसून आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही एकमेकांची फक्त इन्स्टावरची नावं ओळखत होतो.

तात्यांचा एकच अभिमान होता आणि तो ते दर दहा मिनिटांनी बोलून दाखवायचे. "पंचवीस वर्सं पुकारतोय. एक नाव चुकलो न्हाई." घाटात नाव चुकणं म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. कुठल्याशा यात्रेत दुसऱ्या एका पुकारणाऱ्यानं एका गाडामालकाचं नाव गाळलं, तर त्या दोन घरांत बोलणंचालणं बंद झालं, ते आजतागायत. लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही. "मानूस बैलावर लाखानं घालवतो ते कशापायी? पाच सेकंद आपल्या बापाचं नाव चार गावांनी ऐकावं म्हून. ते पाच सेकंद माझ्या हातात आसत्यात." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की हसावं का मान डोलवावी ते आम्हाला कळेना. मी हसलो.

मला हसणं भागच होतं. कारण त्या यादीत एका नावापुढे बापाची जागा कोरी होती आणि ते नाव माझं होतं.

आता हे सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी होस्टेलवर कुणीतरी विचारलं, तू कुठला? मी म्हणालो, पुण्याचा. वडील काय करतात? मी म्हणालो, ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे. वास्तविक मी मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकचा, आणि ट्रान्सपोर्टचा बिझनेस म्हणजे माझे आबा मंचर ते नारायणगाव वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन शिटा भरणारी, जीप चालवायचे. म्हणजे शब्दशः पाहिलं तर मी खोटं काही बोललो नव्हतो. एवढी अक्कल इंजिनिअरिंगला जायच्या आधीपासूनच होती. त्यांच्या जीपमध्ये आमच्याच कॉलेजची पोरं दाटीवाटीनं बसून यायची. मी मात्र फाट्यावर ती जीप दिसली, की मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहायचो. आबाही समोर बघून गाडी पुढे काढायचे. आमचं तसं काही ठरलेलं नव्हतं. त्यांना कळलं होतं, बस्स. रविवारी मी होस्टेलच्या पोरांना "पुण्याला जाऊन येतो" म्हणून सांगायचो आणि मंचरला उतरून घरी आईच्या हातचं जेवून यायचो. असा तो आमचा पुणे दौरा.

कार्यक्रमाच्या दिवशी बारा वाजता तात्या स्टेजमागे यादी पाठ करत बसले होते. सगळ्यांत शेवटी संयोजकांचा सत्कार आणि त्यात शेवटचं नाव माझं. त्यांनी मला हाक मारली. "ओ सचिव, हितं गाव पुणं लिवलंय आन् बापाचं नावच न्हाई."

"राहू द्या तात्या. नुसतं माझं नाव घ्या."

त्यांनी हेडफोन मानेवर घेतले आणि माझं तोंड न्याहाळलं. "आरं, तू तर बबनचा! आवसरीचा. तुझ्या बापाच्या जीपवर मी पंधरा वर्सं माझं भोंगं वाह्यलं. तुझ्या बारशाला जेवलोय मी."

 मी इकडेतिकडे पाहिलं. सुदैवानं, म्हणजे तेव्हा सुदैवानं वाटलं, जवळ कुणी नव्हतं. मी त्यांना स्पीकरच्या मागे नेलं आणि हात जोडले. म्हणालो, तात्या, माझं नाव घेऊ नका. माझंही नाही आणि आबांचंही नाही. इथं मी पुण्याचा आहे. तुम्ही पुकारलंत तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"बबननं कवाच सांगितलंय, पोरगं ह्याच कॉलेजात हाय म्हून. मी त्याला बोलावलंय," तात्या म्हणाले. "चार वाजता गाडी लावून ये म्हनलोय. लेकाचं नाव ऐकाया."

इथं एखाद्या बऱ्या माणसाला लाज वाटली असती. मला घाम फुटला. मी म्हणालो, "मग तर अजिबातच घेऊ नका."

 तात्यांनी खिशातलं पेन काढलं, यादीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ ओढली आणि "बरं" म्हणाले. त्यांनी एवढं थोडकं बोललेलं मी आधीही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी मात्र सुटलो एकदाचा म्हणून कॅन्टीनला जाऊन थंड प्यायलो.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या डीजे नाइटचा घाट झाला. लाल साडीतल्या आठ मुली नाचायला उभ्या राहिल्या. गाण्याचा ठेका रंगात आला आणि तात्यांनी गाणं मधेच कापलं. "आत्ताच आपल्यात हजर झालेत, आपल्या भागातले नामवंत द्राक्ष बागायतदार! पावणं, म्होरं या, लाजू नका!" मुली एक पाय वर धरून तशाच उभ्या. बागायतदार बिचारे मुलीची फी भरायची शेवटची तारीख विचारायला आले होते. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, नारळ दिला, मग गाणं पुढे सुरू झालं. असं त्या एका नाचात तीनदा घडलं. उपप्राचार्य टाळ्या वाजवत होते, कारण त्यांचं नाव दोनदा आलं होतं.

त्याहून बहार वेळेची. तात्यांनी गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं होतं आणि प्रत्येक नाच संपला, की ते निकाल द्यायचे. "चार मिनिटं अकरा सेकंद! बरी हाय बारी, पर आजून दम पायजे!" घाटात कमी वेळ लागणारा जिंकतो, हे त्यांच्या हाडामासात मुरलेलं. त्यामुळे ज्या ग्रुपचा पेन ड्राइव्ह बावन्न सेकंदांत बंद पडला आणि पोरं रडकुंडीला येऊन स्टेजवरून उतरायला लागली, त्यांच्यासाठी तात्या उभे राहिले. "बावन्न सेकंद! भिर्रर्रर्र! आजचा घाटाचा राजा!" मंडपात असा काही जल्लोष झाला, की परीक्षक मॅडमनी गोंधळून खरोखरच पहिलं बक्षीस त्या ग्रुपला दिलं. ती पोरं आजही ते सर्टिफिकेट बायोडेटात लावतात.

पण एक गोष्ट कबूल करतो, आणि ती कबूल करताना मला मजा येत नाही. ते रॉकर्स स्टेजवर आले, तात्यांनी एकेकाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, गाव घेतलं, आणि एकही पोरगा लाजला नाही. भीमाशंकरकडच्या त्या मुलीचं नाव आलं. तात्यांनी तिच्या वाडीचं नाव असं लांबवून म्हटलं, की जणू ते तालुक्याचं ठिकाण असावं. मंडपाच्या कडेला तिचे वडील उभे होते, खांद्यावर टॉवेल. त्यांनी तो टॉवेल डोळ्यांना लावला. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागलो. चार वाजून गेले होते आणि मंडपाच्या पाठीमागं, खांबाला टेकून, माझे आबा उभे होते. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. पायांत बूट. आबांचे बूट मी वर्षानुवर्षं पाहिले नव्हते.

सव्वापाचला संयोजकांचा सत्कार सुरू झाला. सोनलचं नाव, तिच्या वडिलांचं, नारायणगाव. मग बाकीचे. सात नावं झाली. तात्या थांबले, यादीची घडी घातली आणि म्हणाले, "मंडळी, कार्यक्रम संपला आसं मी जाहीर करतो."

 सोनलच उठून ओरडली, "तात्या, एक राहिलं!" आणि तिच्यामागून चाळीस-पन्नास पोरं उभी राहिली, शिट्ट्या मारायला लागली, "आबा! आबा! आबा!" सगळ्यांच्या माना मागे, त्या खांबाकडे. मला काही उमगेचना. यांना आबा कसे माहीत?

तात्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान हलवली, नाही. होय, तेव्हाही नाही. त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला. "माफी करा मंडळी. चूक माजी हाय. यादीचं पान उलटायचं राह्यलं. पंचवीस वर्सांत पयल्यांदा मी नाव चुकलो." एवढं ते म्हणाले आणि प्राचार्यांनी घड्याळ बघून बोट वर केलं. शिपायानं मेन स्विच खाली ओढला. साडेपाच वाजले होते. शिस्तीच्या बाबतीत आमच्या कॉलेजचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

सोनलनं मला स्टेजमागे गाठलं आणि झापलं. "बावळट, आम्हाला काय पहिल्या वर्षापासून माहीत नाही? आबा रोज जीपमध्ये सांगतात, आमचा पोरगा तुमच्याच कॉलेजात आहे, आता तर सचिव झालाय म्हणून. आणि वर दम देतात, त्याला बोलू नका, त्याला आवडत नाही. सगळं कॉलेज तीन वर्षं तुझं नाटक सांभाळतंय."  मंडपात आबा गर्दीत अडकले होते आणि प्रत्येकाला मोठमोठ्यानं सांगत होते, "आरं घेतलं की नाव! सुरवातीलाच घेतलं त्यानं. मी सोता ऐकलं. तुमचं ध्यान कुठं व्हतं?" मला वाटलं, माझी लाज राखायला बाप खोटं बोलतोय. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. तात्या खाली मान घालून वायर गुंडाळत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "जा, न्हाईतर बबन निघून जायाचा. फाट्यापर्यंत तरी त्याच्या गाडीत बस." मी बसलो. आबा पूर्ण रस्ता टोमॅटोच्या भावावर बोलले.

ही गोष्ट इथंच मिटली असती. पण नाव चुकल्याची बातमी मंडपात बसलेल्या बागायतदारांबरोबर गावोगाव गेली. नारायणगावच्या स्टँडवर लोक तात्यांना चहाला थांबवून विचारायचे, "काय तात्या, पान हुकलं म्हणं?" तात्या हसून "व्हय, हुकलं" म्हणायचे. त्यांनी कॉलेजचे कार्यक्रम घेणं बंद केलं. पुढे बंदी उठली, घाट पुन्हा भरायला लागले, तात्यांनी टोपी इस्त्री केली. पण दोन यात्रा कमिट्यांनी माईक एका तरुण निवेदकाच्या हाती दिला. कारण म्हणे, तात्यांचं वय झालं, आताशा नावं चुकतात. हे मला चाकणला नोकरीवर असताना कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं. मी त्यावर दुःखी चेहऱ्याची इमोजी टाकली. माझ्या पश्चात्तापाची झेप तेवढीच होती.

तात्या मागच्या वर्षी गेले. दशक्रियेला मी आणि आबा जीपनं गेलो. नदीकाठी मोठी गर्दी होती. तालुक्यातले पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करत होते आणि सूत्रसंचालक अर्ध्या पुढाऱ्यांची नावं चुकत होता. परत येताना मी पुढच्या सीटवर होतो. मंचर जवळ आलं तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "आबा, त्या दिवशी तात्या चुकले नव्हते. नाव मीच गाळायला लावलं."

आबांनी समोरचा टेम्पो आधी पुढे जाऊ दिला. "ठाऊक हाय," ते म्हणाले. "तवाच कळलं."

"मग नाव ऐकलं, ऐकलं असं ओरडत का होतात? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला?" आबांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "मला काय, मंचरपासून नारायणगावापातुर समदी वळखत्यात. माजं नाव घेतलं काय आन् न्हाई घेतलं काय. पर तात्याची सारी कमाई तेवढीच व्हती रं, नाव न चुकायची. ती जाऊ नये म्हून मी वरडत व्हतो. कुनी मनावर घेतलं न्हाई."

तीन-चार वर्षं मी समजत होतो, की त्या दिवशी त्या दोन म्हाताऱ्यांनी मला वाचवलं. एकानं वाचवलं, हे खरं. दुसरा आपल्या मित्राला वाचवायला धडपडत होता आणि मी मधे पुणेकर होऊन उभा होतो. तात्यांच्या हयातीत चार माणसांत उभं राहून एक वाक्य बोललो असतो तर त्यांचा माईक त्यांच्याकडे राहिला असता. मला जमलं नाही. आता ते ऐकायला नाहीत, तरी ज्यांनी ज्यांनी तात्यांना "पान हुकलं का" म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: तात्या नाव चुकले नव्हते. ते नाव बबन, राहणार अवसरी बुद्रुक, वडापची जीप चालवणारे, माझे वडील. ते मी गाळायला लावलं होतं.